बायोस अपडेट करताय? आधी ४८ आकडी चावी शोधा

उन्हाळी सुट्टी लागली की आम्हा शिक्षकांना पालकांचे वेगळ्याच तऱ्हेचे फोन येऊ लागतात. अभ्यासाचे नव्हे, मशीनचे. "सर, मुलीच्या लॅपटॉपवर सारखा मेसेज येतोय, बायोस अपडेट आलंय म्हणून. करून टाकू का?" शेजारच्या हुशार पोराला विचारलं तर तो म्हणतो, करा बिनधास्त. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, हात पण लावू नका, बोर्ड मरतो. अब्बू बिचारे दोघांच्या मध्ये अडकतात. घरात मशीन एकच असतं आणि त्याच्यावरच सीईटीची तयारी, स्कॉलरशिपचे फॉर्म, बहिणीच्या निकाहचे फोटो, सगळं असतं.

आमच्या मते हे दोन्ही जवाब अर्धे आहेत. अपडेट बिघडला तर बोर्ड बहुतेक वेळा परत उभा राहतो. घराचं जे नुकसान भरून येत नाही ते दुसरीकडेच होतं. डिस्कला कुलूप लागतं आणि त्याची चावी कुठे आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून या लेखात आधी चावी, मग अपडेट, आणि मग बिघडलं तर काय, असा क्रम ठेवला आहे.

पण बायोस म्हणजे काय ते दोन ओळींत सांगून टाकू. मदरबोर्डवर नखाएवढी, बहुधा आठ पायांची एक चिप असते. तिची जागा साधारण १६ किंवा ३२ एमबी, म्हणजे मोबाइलच्या चार-पाच फोटोंएवढी. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तिच्यातला प्रोग्राम जागा होतो. प्रोसेसर, रॅम, डिस्क हजर आहेत का ते बघतो, आपण वर्गात हजेरी घेतो तसं, आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो. नव्या मशीनमध्ये याला यूईएफआय म्हणतात, पण बाजारात सगळे बायोसच म्हणतात. अपडेट म्हणजे या चिपवरचा जुना प्रोग्राम पुसून नवा लिहिणं. यालाच फ्लॅश करणं म्हणतात. लिहिता लिहिता लाइट गेली तर चिपवर अर्धा जुना, अर्धा नवा मजकूर राहतो आणि हजेरी घ्यायलाच कुणी नसतं. पंखा फिरतो, स्क्रीन काळी.

ही चिप अशी पुसता येते हे जगाला २६ एप्रिल १९९९ ला चांगलंच कळलं. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. त्याने डिस्क तर बिघडवलीच, ज्या बोर्डांवर जमलं तिथे बायोसवरही कचरा लिहिला. लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणायचे, कारण तारीख तीच होती. तेव्हा उपाय म्हणजे चिप काढून दुसरी बसवणं किंवा बोर्ड बदलणं. आजची परिस्थिती बरीच बरी आहे.

करायचं तरी कशाला?

मशीन नीट चालत असेल आणि अपडेटच्या पानावर फक्त "स्थिरता सुधारली" एवढंच लिहिलं असेल, तर थांबायला हरकत नाही. पण काही वेळा अपडेट न करणं महागात पडतं. सगळ्यात ठळक उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं. यातल्या काही प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. महिन्यांमागून महिने ते झिजत गेले, गेम मध्येच बंद पडायचे, निळी स्क्रीन यायची. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून यावर दुरुस्ती दिली ती बायोस अपडेटमधूनच. तोवर झालेली झीज मात्र भरून येत नाही. तेव्हा असा डेस्कटॉप घरात असेल तर वाट बघू नका. कंपनीने या प्रोसेसरची वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरना ही भानगड नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे.

दुसरं कारण आपल्याकडे जास्त दिसतं. सेकंड हँड बी-४५० बोर्ड स्वस्तात मिळतो, त्यावर रायझन ५ ५६०० बसवायचा असतो. बोर्ड २०१८ चा, प्रोसेसर २०२२ चा. जुन्या बायोसला नवा पाहुणा ओळखूच येत नाही, स्क्रीन काळीच राहते आणि विकणाऱ्याशी भांडण होतं. बोर्ड खराब नसतो, फक्त अपडेट हवं असतं. ते करायला एक तर कुणाकडून जुना रायझन तासाभरासाठी आणावा लागतो, नाहीतर बोर्डवर फ्लॅशबॅकचं बटण असावं लागतं. त्याबद्दल पुढे.

तिसरं, सुरक्षेचं. सिक्युअर बूट नावाची जी पहाऱ्याची सोय आहे तिची २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतीबाहेर जाऊ लागतात. नवी प्रमाणपत्रं बहुतेकांना विंडोज अपडेटमधूनच मिळतात, काही मशीनना त्याआधी बायोस अपडेट लागतं. मुदत संपली म्हणून मशीन त्या दिवशी बंद पडणार नाही. घाबरून रातोरात काही करायची गरज नाही, पण लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टच्या पानावर एकदा बघून ठेवावं.

आता ती चावी

विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये, आणि २०२४ च्या आवृत्तीपासून तर आणखीच सर्रास, डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की हे मागच्या मागे सुरू होतं, कुणी ठळकपणे सांगत नाही. प्रो आवृत्तीत याला बिटलॉकर म्हणतात, होम आवृत्तीत डिव्हाइस एन्क्रिप्शन. कुलूप तेच.

या कुलपाची चावी टीपीएम नावाच्या सुरक्षा भागात असते. तो चौकीदार दर वेळी मशीन सुरू होताना बघतो की आधीचा सगळा कारभार ओळखीचा आहे ना. बायोस बदलला की त्याला चेहरा वेगळा दिसतो. मग तो चावी देत नाही आणि निळ्या स्क्रीनवर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ती असेल तर दोन मिनिटांचं काम. नसेल तर दुकानदार, कंपनी, खुद्द मायक्रोसॉफ्ट, कुणीच ते कुलूप उघडून देऊ शकत नाही. राहतो तो एकच रस्ता, डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. फोटो गेले ते गेले.

ही चावी बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या अकाउंटमध्ये जपलेली असते. ब्राउझरमध्ये त्या अकाउंटने साइन-इन करून आपल्या उपकरणांच्या यादीत गेलं की रिकव्हरी की दिसते. ऐकायला सोपं आहे. गोम अशी की आपल्याकडे लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करून देतो तो दुकानदार. कधी त्याच्या स्वतःच्या ई-मेलने, कधी तिथल्या तिथे बनवलेल्या अकाउंटने, ज्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही. कधी दुबईला असलेल्या भाईजानच्या ई-मेलने. तेव्हा बायोस राहू द्या बाजूला, आजच सेटिंग्जमध्ये जाऊन बघा, अकाउंट कुणाचं आहे. मशीन चालू आहे तोवर चावी मशीनमधूनच काढता येते. कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरच्या पानावर "रिकव्हरी की बॅकअप करा" असा पर्याय असतो. होम आवृत्तीत तो दिसला नाही तर डिव्हाइस एन्क्रिप्शन सरळ बंद करून टाका. त्याला वेळ लागतो, मशीन चार्जरवर लावून शांतपणे होऊ द्या. काम झालं की हवं तर परत चालू करता येतं.

चावी कागदावर लिहा आणि रेशन कार्ड, शाळेचे दाखले ज्या फाइलमध्ये ठेवता त्यात ठेवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून ठेवणारे लोकही असतात. पेटीची किल्ली पेटीतच टाकून कुलूप लावल्यासारखं आहे ते.

प्रो आवृत्तीत अपडेटच्या आधी बिटलॉकर "सस्पेंड" करायचं, म्हणजे चौकीदाराला थोड्या वेळाची रजा. विंडोज अपडेटमधून किंवा कंपनीच्या टूलमधून बायोस अपडेट केलं तर बऱ्याचदा हे आपोआप होतं. पेन ड्राइव्हवरून केलं तर आपणच करायला हवं. एएमडीच्या मशीनमध्ये अपडेटनंतर किंवा प्रोसेसर बदलल्यावर कधी काळ्या स्क्रीनवर इंग्रजी मेसेज येतो, एफटीपीएम रीसेट करायला वाय दाबा, नको असेल तर एन. घाईत लोक वाय दाबतात. एन्क्रिप्शन चालू असेल आणि चावी हातात नसेल तर वाय दाबू नका.

आणि हे सगळं असूनही जे गमावून चालणार नाही ते बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. त्याला पर्याय नाही.

फ्लॅश करताना

बिघडलेल्या अपडेटची कारणं फार नाहीत. चुकीची फाइल, गेलेली लाइट आणि सुटलेला धीर, या तिघांतच बहुतेक मामला आटोपतो.

फाइल फक्त बोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. यूट्यूबवाल्याच्या लिंकवरून नको. मॉडेलचं पूर्ण नाव जुळवा, शेवटच्या अक्षरासकट. गिगाबाइटच्या बोर्डवर तर कोपऱ्यात रिव्हिजनचा नंबरही छापलेला असतो. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनच्या फाइली वेगळ्या असू शकतात. डाउनलोडच्या पानावरची बारीक सूचनाही वाचा. कधी आधी अमुक आवृत्ती टाका, मगच ही, असं लिहिलेलं असतं. बी-४५० सारख्या बोर्डांच्या काही नव्या आवृत्त्यांत चिपवर जागा पुरेना म्हणून जुन्या प्रोसेसरचा पाठिंबाच काढून टाकला होता. म्हणजे वर गेलात आणि प्रोसेसर जुनाच राहिला तर अडकलात.

लाइटचं म्हणाल तर लॅपटॉपचं बरं आहे. बॅटरी चांगली चार्ज करायची आणि वर चार्जरही लावून ठेवायचा. बॅटरी मेलेली असेल तर पुष्कळ लॅपटॉप अपडेट घेतच नाहीत आणि ते योग्यच आहे. डेस्कटॉपला यूपीएस हवा. यूपीएस आहे पण त्याची बॅटरी पाच वर्षांची आहे, तर तो नसल्यासारखाच. आधी एकदा साधं काम चालू असताना प्लग काढून बघा, मशीन चालू राहतं का. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते तपासा. साध्या मोडवर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. आणि ज्या वारी तुमच्या भागात महावितरण दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवते, तो वार टाळा. पावसाळ्यातली वादळी संध्याकाळही.

आणखी एक छोटी गोष्ट, जी फार उपयोगी पडते. अपडेटच्या आधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः स्टोरेजच्या पानाचा. अपडेटनंतर सेटिंग्ज मूळ जागी जातात. डिस्कचा मोड, म्हणजे एएचसीआय, रेड किंवा इंटेलचा व्हीएमडी, बदलला तर विंडोज उघडत नाही, निळी स्क्रीन येते. लोकांना वाटतं विंडोज उडालं आणि ते फॉरमॅट करायला धावतात. खरं तर ते एक सेटिंग परत जागेवर आणलं की सगळं पूर्ववत.

डेस्कटॉपवर शक्यतो विंडोजच्या आतून फ्लॅश करू नका. बायोसमधलंच टूल वापरा. असूसचं ईझेड फ्लॅश, एमएसआयचं एम-फ्लॅश, गिगाबाइटचं क्यू-फ्लॅश, अॅसरॉकचं इन्स्टंट फ्लॅश. पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करायचा, झिप फाइल उघडून आतली फाइल त्यात टाकायची. ओव्हरक्लॉक केलेलं असेल तर आधी मूळ सेटिंग्जवर यायचं.

मग हात बांधून बसायचं. मशीन मध्येच आपोआप दोन-तीनदा बंद-चालू होईल, होऊ द्या. लॅपटॉपचा पंखा जोरात फिरेल, फिरू द्या. डीडीआर-५ रॅमच्या नव्या एएमडी मशीनमध्ये तर अपडेटनंतर पहिल्यांदा रॅमची जुळवणी होते आणि स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. नेमकं याच वेळी घाबरून बटण दाबून धरणारे लोक चांगल्या मशीनचा घात करतात. अर्धा तास तरी हात लावू नका. चहा पिऊन या.

आणि तरीही काळी स्क्रीन?

अर्ध्या तासानंतरही काही नसेल तर मशीन बंद करा, वायर काढा. डेस्कटॉप असेल तर आधी सीएमओएस क्लियर करा. बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी सीआर-२०३२ बॅटरी असते, ती पाच-दहा मिनिटं काढून परत बसवा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेला जंपर वापरा. रॅमची एकच पट्टी ठेवून बघा. फ्लॅश नीट झालेला असतो, फक्त जुन्या सेटिंग्ज आडव्या येत असतात, असं बऱ्याचदा निघतं.

नाही जमलं तर बोर्डच्या मागच्या बाजूला बघा, यूएसबीच्या एका पोर्टजवळ बायोस किंवा फ्लॅशबॅक असं लिहिलेलं आहे का. असूस याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतं, एमएसआय फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. ही सोय असेल तर निम्मी चिंता मिटली. यासाठी चालता बायोस लागत नाही, बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर आणि रॅमही लागत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह तयार करा आणि फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय अगदी तेच ठेवा. एमएसआयला बहुधा एमएसआय डॉट रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट डॉट बिन. असूस तर नाव बदलायचं छोटं टूल फाइलीसोबतच देतं. इथे एक सापळा आहे. विंडोज फाइलीचं शेपूट लपवतं, त्यामुळे आपण नाव देतो ते एमएसआय डॉट रॉम डॉट रॉम होऊन बसतं आणि बोर्डला फाइल सापडत नाही. शेपूट दाखवायचा पर्याय चालू करूनच नाव बदला. मग पेन ड्राइव्ह त्या खास पोर्टमध्ये, वीज चालू, मशीन बंद, आणि बटण काही सेकंद दाबायचं. छोटा दिवा लुकलुकत राहिला की लिहिणं सुरू आहे. काही सेकंदांतच लुकलुकणं थांबलं तर फाइल वाचली गेली नाही. नाव तपासा, दुसरा, जुना-साधा पेन ड्राइव्ह घेऊन बघा. गिगाबाइटच्या काही जुन्या बोर्डांवर दोन बायोस चिप असतात. पहिली बिघडली की बोर्ड दुसरीवरून स्वतःला सावरतो.

लॅपटॉपमध्येही रस्ते असतात, फक्त कुणी सांगत नाही. एचपीच्या पुष्कळ मॉडेलमध्ये चार्जर लावून, मशीन बंद असताना, विंडोजची की आणि बी दाबून धरायची आणि दोन-तीन सेकंद पॉवर बटण दाबायचं. पॉवर सोडायचं, बाकी दोन्ही धरून ठेवायच्या. थोड्या वेळात बीप किंवा बायोसची स्क्रीन येते आणि मशीन डिस्कवर जपलेली प्रत उचलतं. ती नसेल तर दुसऱ्या एचपी किंवा कुठल्याही विंडोज मशीनवर त्याच मॉडेलची बायोस फाइल चालवून रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह बनवता येतो. डेलच्या २०१६च्या आसपासच्या आणि पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जर काढायचा, कंट्रोल आणि एस्केप दाबून धरायचं आणि तसंच धरून चार्जर लावायचा. रिकव्हरीची स्क्रीन आली पाहिजे. बाकी कंपन्यांचं त्यांच्या मॅन्युअलमध्ये बघा.

यातलं काहीच चाललं नाही तर मात्र दुकान. पण दुकानात काय मागायचं ते माहीत असू द्या. "बोर्ड गेला, बदलावा लागेल" असं कुणी म्हणालं तर विचारा, चिप प्रोग्राम करून पाहिली का? हे काम प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्राने होतं. बाजारात सीएच-३४१-ए नावाचं स्वस्त यंत्र सगळीकडे मिळतं, चिमटा चिपला लावून थेट लिहिता येतं. घरी हा उद्योग करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. काही चिप ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या. १.८ च्या चिपला जास्त व्होल्टेज दिलं तर जी दुरुस्त होत होती तीही जळते.

कारागिराला दोन गोष्टी जरूर सांगा. एक, नवं लिहिण्याआधी जुन्या चिपमधलं जसं आहे तसं वाचून कॉपी ठेवा, आणि दोनदा वाचून दोन्ही कॉपी जुळतात का बघा. कारण त्या चिपमध्ये फक्त प्रोग्राम नसतो. मशीनचा सिरियल नंबर असतो, लॅपटॉपसोबत मिळालेल्या विंडोजची लायसन्स की असते, कधी लॅन कार्डचा नंबरही. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या मशीनची फाइल आणून वर ओतली तर हे सगळं पुसलं जातं. इंटेलच्या काही मशीनमध्ये तर स्क्रीन येते, पण दर अर्ध्या तासाने मशीन आपोआप बंद पडतं आणि कारण कुणाला सापडत नाही. कंपनीच्या साइटवरची फाइलही पुष्कळदा अख्ख्या चिपची नसते, ती तशीच उचलून लिहिली तर चालत नाही. जाणकार कारागीर जुन्या कॉपीतला आपला भाग ठेवून बाकीचं बदलतो.

दुसरी गोष्ट, डिस्कला हात लावायचा नाही. मदरबोर्ड बदलला तर टीपीएमही बदलतो, आणि मग तीच ४८ आकडी चावी परत लागते. चावी नसेल तर कारागीर सहज म्हणतो, फॉरमॅट मारून देतो, मशीन चालू होईल. मशीन चालू होईलच. म्हणून लॅपटॉप ठेवताना पावतीवर त्याच्याच हाताने लिहून घ्या: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. डिस्क वेगळी निघणारी असेल तर त्याच्यासमोर काढून घ्या आणि घरी घेऊन या. चिपचं काम डिस्कशिवाय होतं.